नवा एचटीएमएल टॅग केव्हा वापरावा : एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील अनुभवातून

तालुक्याच्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे सांभाळतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मी पुस्तकसूचीच्या पानावर लेखक, विषय आणि प्रकाशनवर्ष निवडण्याचे एक पटल तयार केले. त्यासाठी पॉपओव्हर हे बटणाने उघडणारे-मिटणारे पटल बनवणारे, तेव्हा नवे असलेले ॲट्रिब्यूट (एचटीएमएलच्या टॅगला, म्हणजे पानाचा भाग सांगणाऱ्या खुणेला, जोडायचा गुणधर्म) वापरले, माझ्या लॅपटॉपवर आणि फोनवर पटल नीट उघडते-मिटते हे पाहिले आणि पान चढवून दिले. दुसऱ्या दिवशी देवघेव विभागातून फोन आला, की सूचीवर एक पांढरी चौकट येऊन बसली आहे आणि ती काही केल्या जात नाही. तिथल्या संगणकावर विंडोज ७ होते. त्या प्रणालीवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे आणि पॉपओव्हर आले ते क्रोम ११४ मध्ये. न ओळखलेले ॲट्रिब्यूट ब्राउझरने नियमाप्रमाणे सोडून दिले. त्यामुळे मिटलेले असायला हवे होते ते पटल डिव्ह या साध्या कप्प्याच्या टॅगसारखे उघडेच राहिले, सीएसएसने (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांनी) त्याला पडद्यावर खिळवले होते म्हणून ते सूचीवर पसरले आणि मिटवण्याचे बटणही त्याच वैशिष्ट्यावर अवलंबून असल्याने निकामी झाले.

एखादे वैशिष्ट्य किती ब्राउझरांत आले, एवढेच मी पाहिले होते. ज्या ब्राउझरात ते नाही तिथे पानाचे काय होईल, हे मात्र पाहिले नव्हते. त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती पुढे क्रमाने देत आहे. उदाहरणे ग्रंथालयाची असली तरी पतसंस्था, शाळा, घरगुती उद्योग किंवा दिवाळी अंकाच्या संकेतस्थळालाही ती जशीच्या तशी लागू पडेल.

पहिली पायरी : आपला वाचक कोणत्या आवृत्तीवर अडकला आहे ते शोधणे

संकेतस्थळाच्या नोंदींमधून ब्राउझरांची नुसती नावे काढून उपयोग होत नाही, कारण ‘क्रोम’ या एका नावाखाली दहा वर्षांचे अंतर दडलेले असू शकते. नावासोबत आवृत्तीही काढावी आणि यादी सर्वांत जुन्या आवृत्तीपासून वाचायला घ्यावी. वर आलेल्या पहिल्या काही ओळी बहुधा शोधयंत्रांच्या आणि इतर स्वयंचलित भेटींच्या निघतात. त्या वगळल्या, की खरी माणसे दिसू लागतात.

नव्या संकेतस्थळाच्या नोंदीच नसतील तर उपकरणांच्या मर्यादेवरून अंदाज बांधता येतो, आणि तो बराच पक्का असतो. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, तर फायरफॉक्स ११५ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर थांबतो. अँड्रॉइड ७ च्या फोनवर क्रोम ११९ ही शेवटची आवृत्ती आहे, तर अँड्रॉइड ८ आणि ९ वर १३८. आयफोनची गोष्ट वेगळी आहे. तिथे सफारी ही प्रणालीबरोबरच बदलते आणि भारतातल्या आयफोनवर क्रोम घेतला तरी आतले इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा गाभा, ॲपलचे वेबकिटच असते. त्यामुळे आयओएस १५ वर थांबलेल्या आयफोन ७ वर कोणताही ब्राउझर टाकला तरी क्षमता सफारी १५ चीच मिळते. आयफोन ८ आणि आयफोन एक्स आयओएस १६ वर थांबले आहेत. वडिलांचा जुना फोन, शाळेच्या कार्यालयातला संगणक, मुलीने नवा घेतल्यावर आजीकडे आलेला आयफोन अशी उपकरणे आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात राहतात, आणि ग्रंथालयाच्या सभासदांत त्यांचे प्रमाण कमी नसते.

या माहितीवरून आपल्या संकेतस्थळाची तळरेषा एका वाक्यात लिहून ठेवावी. आमची अशी आहे : ‘क्रोम १०९ आणि सफारी १५.६ यांवर पुस्तक शोधता आले पाहिजे, राखून ठेवता आले पाहिजे आणि वर्गणीची मुदत पाहता आली पाहिजे. दिसण्यात फरक पडला तरी चालेल.’ शेवटचा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांना मोकळीक त्यातूनच मिळते.

दुसरी पायरी : बेसलाइनची तारीख वाचणे, पण तिच्यावर विसंबून न राहणे

एचटीएमएलचे मानक आज व्हॉटडब्ल्यूजी या गटाकडे आहे. २०१९ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेबरोबर झालेल्या करारानंतर दोन समांतर मानकांचा घोळ संपला. हे मानक आवृत्त्यांमध्ये निघत नाही, सतत बदलत राहते. त्यामुळे ‘एचटीएमएल ६ केव्हा येणार’ या प्रश्नाला आता अर्थ उरलेला नाही. एकेक वैशिष्ट्य सुटे येते आणि त्याचा निर्णयही सुटाच घ्यावा लागतो.

त्यासाठी २०२३ पासून बेसलाइन नावाची एक सोयीची खूण उपलब्ध आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या चारही ब्राउझरांच्या चालू आवृत्त्यांत वैशिष्ट्य आले, की ते ‘नव्याने उपलब्ध’ ठरते आणि त्यानंतर ३० महिने उलटले, की ‘व्यापकपणे उपलब्ध’ मानले जाते. डायलॉग हा पानावर संवादाची चौकट उघडणारा टॅग क्रोममध्ये २०१४ सालीच आला होता, पण फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ मध्ये तो मार्च २०२२ मध्ये पोहोचला. म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून तो व्यापकपणे उपलब्ध आहे. क्रोममध्ये आलेल्या दिवसापासून मोजणाऱ्याची इथे सपशेल फसगत होते.

मात्र ही खूण काय सांगत नाही, तेही लक्षात ठेवले पाहिजे. इतर ॲपच्या पोटात उघडणारी पाने, स्क्रीन रीडरबरोबरचे (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या साधनाबरोबरचे) वर्तन आणि ब्राउझरांमधले दोष यांची हमी ती देत नाही. पॉपओव्हरचेच पाहा. एप्रिल २०२४ मध्ये ते फायरफॉक्स १२५ मध्ये आले तेव्हा ते नव्याने उपलब्ध झाल्याचे मानले गेले. परंतु आयफोनवरील सफारीत पटलाबाहेर बोट टेकवले तरी ते मिटत नाही, असा दोष होता. तो सफारी १८.३ मध्ये दुरुस्त झाल्यावर ती तारीख जानेवारी २०२५ अशी पुढे ढकलली गेली. यातून मी एक व्यावहारिक सवय लावून घेतली आहे : बाहेर टेकवून मिटणाऱ्या प्रत्येक पटलात मिटवण्याचे स्वतंत्र बटण ठेवायचेच.

एकाच इंजिनात असलेल्या वैशिष्ट्यावर पानाचा पाया कधीही घालू नये. एका एचटीएमएल फाइलमध्ये दुसरी आयात करण्याची सोय क्रोमने २०१४ मध्ये दिली, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ती स्वीकारण्यास नकार दिला आणि २०२० मध्ये क्रोमनेही ती काढून टाकली. त्यावर उभी केलेली पाने पुन्हा लिहावी लागली. मानकात छापलेले सगळेच ब्राउझरात उतरते असेही नाही. प्रत्येक विभागात एच-वन (सर्वांत वरच्या पातळीच्या शीर्षकाचा टॅग) वापरा, शीर्षकांची पातळी घरट्याच्या खोलीवरून आपोआप ठरेल, असे एचटीएमएल ५ ने सांगितले आणि अनेक मार्गदर्शकांनी ते गिरवले. ब्राउझरांनी ते अमलात आणलेच नाही आणि २०२२ मध्ये ती कल्पना मानकातूनही गेली. आपल्या पानांवर एकाहून अधिक एच-वन असतील तर ते बहुधा त्याच काळाचे अवशेष आहेत. ते एच-टू, एच-थ्री असे क्रमाने बदलून घ्यावेत.

तिसरी पायरी : न ओळखल्यास काय उरते, यावरून वर्गवारी

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. पानाच्या हालचाली लिहायच्या जावास्क्रिप्ट या भाषेत अनोळखी मांडणी आली, की ती फाइलच कोसळते. एचटीएमएल मात्र क्षमाशील आहे. अनोळखी टॅग दिसला तर ब्राउझर त्यातला मजकूर स्पॅन या साध्या, रूप नसलेल्या टॅगसारखा दाखवतो, अनोळखी ॲट्रिब्यूट सोडून देतो आणि इनपुटचा अनोळखी प्रकार साधी मजकूरपेटी होऊन बसतो. ही क्षमाशीलता हेच नवे टॅग लवकर स्वीकारण्याचे खरे भांडवल आहे. पण प्रत्येक वैशिष्ट्याबाबत ती सारखी मिळत नाही.

काही वैशिष्ट्ये नसली तरी कुणाला कळत नाही. चित्र उशिरा उतरवण्यासाठी लोडिंगला दिलेले लेझी हे मूल्य, कोणते चित्र आधी आणायचे ते सांगणारे फेचप्रायॉरिटी, शोधपेटीभोवतीचा सर्च हा टॅग ही त्यांची उदाहरणे. त्यांच्या तारखांचा विचारही करू नये, आजच वापरावीत. सर्च टॅग ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वत्र आला. जुन्या ब्राउझरासाठी त्याच्या आत शोधाची भूमिका असलेला फॉर्म ठेवला, की काही बिघडत नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी, की फक्त क्रोमच्या घराण्यात असलेले एक वैशिष्ट्यही याच वर्गात बसते. सिलेक्ट या निवडयादीला हवे तसे रूप देण्याची सोय एप्रिल २०२५ मध्ये क्रोम १३५ मध्ये आली. सीएसएसमध्ये अपिअरन्सला बेस-सिलेक्ट हे मूल्य दिले, की यादीतल्या पर्यायांत चित्रेही बसवता येतात. जे ब्राउझर हे जाणत नाहीत त्यांना नेहमीची, त्या त्या फोनची यादी मिळते. जुने ब्राउझर पर्यायातले चित्र गाळतात आणि मजकूर ठेवतात. म्हणून अट एकच : पर्यायाचा अर्थ चित्रावर टांगलेला नसावा. आम्ही विषयांच्या यादीत प्रत्येक विषयापुढे छोटे चित्र लावले आहे. सफारीवाल्यांना ते दिसत नाही आणि त्यांची काही तक्रारही नाही. पाया दुसऱ्या कशावर तरी उभा असेल, तर एकाच इंजिनातला अलंकार चालतो.

दुसऱ्या टोकाला इनर्ट हे ॲट्रिब्यूट आहे. पानाचा एखादा भाग तात्पुरता निष्क्रिय करण्यासाठी ते वापरतात आणि एप्रिल २०२३ पासून ते सर्व मुख्य ब्राउझरांत आहे. तरीही मी ते जपून वापरतो, कारण ते नसेल तेव्हा डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण कीबोर्ड वापरणारी व्यक्ती झाकलेल्या भागात शिरते आणि तिथे हरवते. जी चूक दिसत नाही ती चाचणीतही सापडत नाही. याच टोकाला मी सध्या बटणावरची कमांड आणि कमांडफॉर ही ॲट्रिब्यूट ठेवली आहेत. जावास्क्रिप्टशिवाय डायलॉग उघडण्याची त्यांची सोय मोहक आहे, पण जिथे ती नाहीत तिथे बटण दाबून काहीही होत नाही. त्याऐवजी तीन ओळींची स्क्रिप्ट लिहिणे मला आज परवडते.

या दोन टोकांच्या मध्ये पॉपओव्हरसारखी वैशिष्ट्ये येतात. ती न मिळाल्यास पान बदलते, पण आपण तजवीज केली तर चालते.

चौथी पायरी : मधल्या वर्गासाठी तजवीज कशी करावी

आमच्या सूचीचे पटल मी पुढीलप्रमाणे दुरुस्त केले. प्रथम पॉपओव्हर नाही असे समजून पान लिहिले. निवडीचा फॉर्म सूचीच्या वर साधेपणाने, पानाच्या प्रवाहात ठेवला आणि त्याचे ‘शोधा’ बटण सर्व्हरकडे विनंती पाठवेल अशी व्यवस्था केली. ‘निवड उघडा’ आणि ‘मिटवा’ ही बटणे सीएसएसने लपवून ठेवली. नंतर सीएसएसच्या सपोर्ट्स या नियमाने ‘पॉपओव्हर-ओपन हा सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागू ते सांगणारी खूण) समजतो का’ असे विचारले आणि होकार आला तरच पटलाला पडद्यावर खिळवणारे नियम लागू केले व दोन्ही बटणे दाखवली. क्रोम १०९ ला हा प्रश्न समजतो आणि तो प्रामाणिकपणे नकार देतो. त्यामुळे देवघेव विभागात आता फॉर्म सूचीच्या वर उघडा दिसतो आणि तिथल्या ताईंच्या मते तोच बरा आहे.

इथे एक खाचखळगा आहे. पॉपओव्हर-ओपन हा सिलेक्टर स्वल्पविराम देऊन इतर सिलेक्टरांसोबत एकाच नियमात लिहिला, तर जुना ब्राउझर तो संपूर्ण नियमच टाकून देतो आणि ज्यांचा पॉपओव्हरशी संबंध नाही त्या घटकांचेही रूप बिघडते. तो नेहमी स्वतंत्र नियमात लिहावा.

डायलॉग वापरावा की पॉपओव्हर, हा प्रश्न वारंवार पडतो. उत्तर सोपे आहे : वाचकाने दुसरे काही करण्याआधी उत्तर देणे आवश्यक असेल तर डायलॉग, एरवी पॉपओव्हर. ‘हे पुस्तक परत केल्याची नोंद करायची का’ ही डायलॉगची जागा आहे, तर पुस्तकाच्या नावापुढची ‘अधिक माहिती’ ही पॉपओव्हरची. डायलॉग शोमोडल या पद्धतीने उघडला, की मागचे पान आपोआप निष्क्रिय होते, कीबोर्डचा रोख चौकटीत येतो, एस्केप दाबून ती मिटते आणि मिटल्यावर रोख आधीच्या बटणावर परत जातो. एकेकाळी यासाठी आपण एक आख्खी लायब्ररी जोडत होतो. केवळ ओपन हे ॲट्रिब्यूट लिहून उघडलेल्या डायलॉगला यांपैकी मागचे पान अडवण्याचा गुण मिळत नाही. नवख्यांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे. आतल्या फॉर्मच्या मेथडला डायलॉग हे मूल्य दिले, तर बटण दाबताच चौकट मिटते आणि कोणते बटण दाबले तेही कळते. पॉपओव्हरला मात्र स्वतःची अशी भूमिका नसते. आत मेनू आहे की सूचना, हे योग्य टॅग वापरून आपल्यालाच सांगावे लागते.

डीटेल्स आणि समरी ही शीर्षकावर टेकवून मजकूर उघडणारी-मिटवणारी टॅगांची जोडी आता जुनी झाली असली तरी नेम हे तिचे ॲट्रिब्यूट सप्टेंबर २०२४ मध्ये फायरफॉक्स १३० बरोबर सर्वत्र आले. एकच नेम दिलेल्या डीटेल्सपैकी एका वेळी एकच उघडे राहते. अँड्रॉइड ७ च्या क्रोम ११९ ला हे मिळता मिळता राहिले, कारण क्रोममध्ये ते १२० व्या आवृत्तीत आले. पण तिथे फार तर दोन भाग एकाच वेळी उघडे राहतील, म्हणून धास्तीचे कारण नाही. माझी हरकत वेगळी आहे. ग्रंथालयाच्या नियमांसारखा मजकूर वाचणाऱ्याला अनामत रकमेचा आणि विलंबशुल्काचा नियम शेजारी शेजारी पाहायचा असतो. एक उघडताच दुसरा मिटणे हा तिथे त्रासच आहे, म्हणून आम्ही नेम काढून टाकले. शिवाय मिटलेल्या डीटेल्समधला मजकूर छापताना कागदावर येत नाही. परिपत्रके आणि नियमावल्या लोक छापून फलकावर लावतात, तेव्हा असा मजकूर उघडाच ठेवावा.

चित्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर पडद्यावर प्रथम दिसणाऱ्या मोठ्या चित्राला लेझी लावू नये, कारण त्याने पान उलट संथ होते. त्या एका चित्राला फेचप्रायॉरिटीचे हाय हे मूल्य द्यावे, बाकीच्यांना लेझी आणि सगळ्यांना रुंदी-उंची लिहावी.

पाचवी पायरी : मराठी मजकुरासाठी वेगळी पडताळणी

नव्या टॅगांच्या मागे धावण्यापूर्वी आपल्या पानाच्या पहिल्याच टॅगवर लँग या ॲट्रिब्यूटचे मूल्य एमआर आहे का, हे पाहावे. तयार साच्यातून आलेल्या असंख्य मराठी पानांवर तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहिलेला असतो. त्यामुळे स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने देवनागरी वाचू पाहतो किंवा वाचतच नाही. ज्या फाँटांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, तेही या संकेताशिवाय हिंदी वळणाची अक्षरे दाखवतात.

फॉर्ममध्ये इनपुटमोड हे ॲट्रिब्यूट सरसकट वापरण्यासारखे आहे. सभासद क्रमांकासाठी न्यूमेरिक दिले, की फोनवर अंकांचा कळफलक येतो आणि जुन्या ब्राउझरात नेहमीचा. पॅटर्न, म्हणजे टंकलेला मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते तपासणारे ॲट्रिब्यूट, मात्र सांभाळून वापरावा. त्यातली अंकांची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते, ‘४१२’ असे लिहिणाऱ्या सभासदाला ती अडवते. नावाच्या पेटीवर तर पॅटर्न लावूच नये. केवळ देवनागरी अक्षरे चालतील असा नियम केला तरी ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला ऱ काही कळफलकांवर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टंकला जातो. ते चिन्ह देवनागरी लिपीच्या गटात मोजले जात नाही आणि बरोबर लिहिलेले नाव चुकीचे ठरते. अंक इंग्रजीत करून घेणे, मोकळ्या जागा काढणे ही कामे सर्व्हरवर करावीत.

तारखेसाठी इनपुटचा डेट हा प्रकार पुस्तक परतीच्या दिवसासाठी उत्तम आहे. जन्मतारखेसाठी तो मी टाळतो, कारण १९४८ साली जन्मलेल्या सभासदाला आजपासून मागे मागे जायला लावणे बरे दिसत नाही. तिथे दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या पेट्या अधिक उपयोगी पडतात.

सहावी पायरी : चाचणी आणि नोंदवही

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी मी माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर आणि एस्केप यांवर सगळे काम होते का ते पाहतो. मग संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर लावून एकदा पुस्तक राखून ठेवतो. शेवटी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाची मांडणी पाहण्याच्या आणि बदलण्याच्या साधनांत) जाऊन नवी ॲट्रिब्यूट एकेक करून पुसतो आणि पानाचे काय होते ते बघतो. जुना संगणक हाताशी नसणाऱ्यांना ही युक्ती पुष्कळ उपयोगी पडेल. देवघेव विभागातला तो विंडोज ७ चा संगणक बदलण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मीच तो चाचणीसाठी मागून घेतला, हे ओघाने सांगतो.

प्रत्येक नव्या वैशिष्ट्याची एक ओळ मी एका साध्या फाइलमध्ये लिहितो : कुठे वापरले, न मिळाल्यास काय होते, त्यासाठी कोणती जादा तजवीज केली आणि ती केव्हा काढता येईल. डायलॉगसाठी जोडलेली पर्यायी स्क्रिप्ट मी याच नोंदीवरून काढली. पॉपओव्हरच्या ओळीपुढे ‘जुलै २०२७’ असे लिहिले आहे, कारण जानेवारी २०२५ मध्ये ३० महिने मिळवले, की तो महिना येतो. त्या महिन्यात नोंदी पुन्हा काढायच्या आहेत. क्रोम १०९ वरून येणारी माणसे तेव्हाही दिसली, तर तजवीज आणखी सहा महिने तशीच राहील.